दसऱ्याच्या आत एक पत्र टाका



घटस्थापना तोंडावर आली आहे. घट बसले की नऊ दिवस कुणाला सवड नसते. दसरा झाला की मका सोंगायची, कापूस वेचायचा, आणि मान वर करून बघावे तो दिवाळी दारात. म्हणून आत्ताच सांगतो. आपल्या गावचा जो पोरगा लडाखात, काश्मिरात, सिक्कीममध्ये किंवा अरुणाचलात उभा आहे, त्याच्या हातात दिवाळीला काही पडावे असे वाटत असेल, तर ते दसऱ्याच्या आत टपालात पडले पाहिजे. दसरा ते दिवाळी वीस दिवस. हे वीस दिवस टपालाचे आहेत, आपले नाहीत. शिवाय वर बर्फ पडायला लागले की झोजिलासारख्या खिंडींचा भरवसा नाही. रस्ता मिटला की उरते हेलिकॉप्टर, आणि त्यात आधी औषध, रॉकेल, शिधा जातो. पत्राचा नंबर मागून लागतो.

मी कोण सांगणारा? पस्तीस वर्षे या फुलंब्री तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटले. सुरुवातीला आम्हाला ई.डी. म्हणत. आजची ती ईडी नव्हे. आम्हाला बघून लोक दार लावून घेत नसत, उलट वाट बघत. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, म्हणजे खात्यात असूनही खात्याबाहेर. पुढे नाव बदलून ग्रामीण डाक सेवक झाले, सायकल तीच राहिली.

माझ्या वाटेवर एका वस्तीवर एक माय होती. थोरला फौजेत. तिला वाचता येत नव्हते, म्हणून पत्र द्यायचे आणि ओट्यावर बसून वाचूनही दाखवायचे, हे ठरलेले. एकदा तिने पाकीट उलटसुलट करून विचारले, "भाऊ, ह्ये छप्पन येपीओ कोन्त्या जिल्ह्यात आलं?" मी म्हणालो, कोणत्याच नाही. मला वाटले हसेल. ती म्हणाली, "मंग पोरगं हाये कुठं?"

याचे उत्तर मलाही तेव्हा धड देता आले नाही. आता देतो, कारण ते कळले की घाई का करायची तेही कळते. ५६ ए.पी.ओ. हे गाव नाही. सैनिक कुठे आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. आपण फुलंब्रीच्या पोस्टात टाकलेले पत्र आधी संभाजीनगरला जाते, तिथून दिल्लीला, सैन्याच्या मोठ्या टपाल केंद्रात. पूर्वेकडच्या जवानांचे ९९ ए.पी.ओ. असते, ते कोलकात्याला जाते. कोणती पलटण आज कुठे आहे याची खबर त्या केंद्रात असते. तिथे थैल्या लागतात, थैली फील्ड पोस्ट ऑफिसला जाते, तिथून पलटणीत, आणि पलटणीतून ट्रकने, खेचरावर किंवा माणसाच्या पाठीवर वरच्या चौकीत. आपल्या अजिंठा रस्त्याचे काम किती वर्षे चालले ते तुम्ही पाहिले आहे. टपाल मात्र कुठूनही वाट काढते, फक्त त्याला दिवस द्यावे लागतात.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल पेटले तेव्हा त्या मायचा पोरगा तिकडेच होता. माझ्या सायकलची घंटी ऐकली की ती पळत बाहेर येई आणि माझे रिकामे हात बघून आत जाई. शेवटी मी त्या वस्तीवर घंटी वाजवणेच बंद केले. मग एके दिवशी आंतरदेशीय आले, अठरा दिवसांपूर्वी लिहिलेले. मी थरथरत्या हातांनी फोडले. युद्धाचे त्यात अवाक्षर नव्हते. विहिरीला पाणी किती आहे, तांबडी गाय व्याली का, धाकट्याचा निकाल काय लागला, बाबांनी पेरणीला बियाणे कुठून आणले, आणि गावात कुणाकुणाची लग्ने झाली ती नावानिशी कळवा. एवढेच. सगळे पत्र म्हणजे प्रश्नच प्रश्न.

तो पोरगा सुखरूप आला, पेन्शनवर आहे, आता शेतात आले लावतो. मी त्याला मागे विचारले, तेव्हा तुला तिथे विहिरीचे पाणी कसे सुचले? तो म्हणाला, तिथे दुसरे काय सुचणार? डाक आली की आम्ही लंगरातले जेवण सोडून डाकेकडे धावायचो. ज्याचे पत्र नसे तो दुसऱ्याचे मागून वाचायचा, मग ते तमिळी पोराचे असो की पंजाब्याचे, कळो न कळो. आपल्याकडचे कुणी भेटले तर एकमेकांच्या गावची भांडणेसुद्धा चवीने ऐकायचो.

माझे जे काही म्हणणे आहे ते एवढ्यात आले. सीमेवरच्या पोराला आपला जयजयकार नको आहे. त्याला खबर हवी आहे.

तुम्ही म्हणाल, आता मोबाइल आहे की. आहे. पण पुढच्या चौक्यांवर रेंज नसते, असली तरी जवळ फोन बाळगायची मुभा असतेच असे नाही. २०२० मध्ये सैन्याने जवानांना फेसबुकसकट ८९ ॲप फोनमधून काढून टाकायला लावली, ते सुरक्षेसाठी, आणि बरोबरच केले. जिथे फोन लागतो तिथे काय होते तेही मी घरोघर पाहिले आहे. "हॅलो, आवाज येतोय का? जेवलास का? तब्येत बरी आहे ना? ठेवू का?" माय पदराने डोळे पुसते म्हणून बाप फोन हिसकून घेतो, बापाला काही सुचत नाही म्हणून तो बायकोकडे देतो, आणि सगळ्यांसमोर ती काय बोलणार? दोन मिनिटांत संपते. पत्र मात्र दुलईत शिरून बॅटरीच्या उजेडात दहा वेळा वाचता येते.

आणि फोनवर मराठवाड्याची बातमी कळते, आपल्या वावराची कळत नाही. अतिवृष्टी, धरणाचे दरवाजे उघडले, पिके पाण्याखाली, हे तो तिकडे वाचतो. त्याच्या ओढ्याकाठच्या दोन एकरांचे काय झाले, बांध फुटला की राहिला, हे कुणी सांगत नाही. घरचे म्हणतात, कशाला त्याच्या जिवाला घोर. अहो, न सांगण्याने घोर कमी होतो असे कुणी सांगितले? तो तिथे रात्री दोन ते चार पहारा देतो आणि मनातल्या मनात सगळे वावर वाहून गेलेले बघतो. खरे अर्धा एकरच गेलेले असते.

म्हणून काय लिहायचे ते सांगतो. पत्र लिहायला बसले की आपल्या लोकांची जीभ बदलते. एरवी रसाळ बोलणारा माणूस कागद समोर आला की "आपल्या शौर्यास कोटी कोटी प्रणाम" लिहितो आणि पुढे काही सुचत नाही म्हणून थांबतो. असे लिहू नका. मी एक नमुना देतो. हा उतरवून काढायचा नाही, नुसता बघायचा:

"चि. पुतण्यास अनेक आशीर्वाद. तुझ्या बापाने वरच्या वावरात आले लावले, त्याला पावसाने सड लागली होती. चारी काढून बेडमधले पाणी काढून दिले, आता पीक सुधारले. गिरजा नदीला पाणी चांगले आहे. तुझी मोटारसायकल मी आठवड्यातून एकदा चालू करून ठेवतो. तुझा धाकटा भाऊ ती रोज चालू करतो, हेही तुला माहीत असावे. मारुतीच्या पाराचे काम निम्म्यावर थांबले आहे, फरशी कोणती बसवायची यावर एकमत होत नाही. तुझ्या मायचा गुडघा दुखतो. संभाजीनगरला दाखवून आणले, गोळ्या चालू आहेत, घाबरण्यासारखे नाही. खरेच नाही, लपवत नाही. भुऱ्या कुत्रा अजून तुझ्या खोलीच्या दारातच झोपतो. बाकी आल्यावर. तुझा चुलता."

झाले. यात देशभक्तीचा एक शब्द नाही, पण हे पत्र तो खिशात ठेवील.

बायकोने नवऱ्याला लिहिलेले पत्र मात्र तिचे तिला लिहू द्या आणि तिचे तिला चिकटवू द्या. पस्तीस वर्षांत मी खूप घरांत सासऱ्याने पाकीट फोडून "जरा बघू काय लिहिलंय" म्हटलेले पाहिले. ते बरे दिसत नाही.

भावकीलाही एक शब्द. तो तिकडे उभा असताना इकडे त्याचा बांध दरवर्षी नांगराच्या एका तासाने कोरणारे लोक आपल्यात आहेत. नावे घेत नाही, त्यांची त्यांना ठाऊक आहेत. त्यांनी पत्र लिहिले नाही तरी चालेल. बांध पूर्ववत करावा आणि तसे एका पोस्टकार्डावर कळवावे. पोस्टकार्ड पन्नास पैशांना मिळते. सैनिकाच्या जमिनीची किंवा घरच्यांची काही अडचण असेल तर जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे त्याच्या घरच्यांसोबत जा, नुसते "बघू" म्हणू नका.

आता शाळा. गुरुजी आणि बाई, तुमच्यावर माझा फार भरवसा आहे, म्हणून थोडे टोचून बोलतो. वर्गात फळ्यावर एक मजकूर लिहायचा आणि साठ लेकरांनी तो उतरवायचा, "तुम्ही जागे आहात म्हणून आम्ही सुखाने झोपतो", आणि साठ सारखी पत्रे गठ्ठ्याने पाठवायची, हा प्रकार बंद करा. पहिले पत्र वाचले की उरलेली एकोणसाठ वाचायची गरज राहत नाही. पोरांना फळा पुसून सांगा, तुमच्याच शाळेत शिकलेल्या एका दादाला किंवा ताईला पत्र लिहायचे आहे. आता मुलीही फौजेत आणि निमलष्करी दलात जातात. त्याला विचारा, तुमच्या वेळी शाळेच्या चिंचेवर दगड कोण मारायचे? तिथे आंघोळ रोज करतात का? बर्फाला वास असतो का? एका पोराने मला विचारले होते की बंदूक धरून उभे असताना नाक खाजले तर काय करतात. हा प्रश्न जसाच्या तसा लिहा. मी पैज लावतो, या पत्राला उत्तर येईल. आणि शुद्धलेखन तपासू नका, तेवढे माझ्यासाठी करा.

एक खबरदारी. उत्तर आले तर ते पत्र, त्यावरचा पलटणीचा पत्ता किंवा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचा नाही. आपला गट गावापुरता असतो असे आपल्याला वाटते. तसा तो नसतो.

पार्सलचे सांगतो. आधी एक गैरसमज काढून टाका. तिथे पोरे उपाशी नाहीत, सैन्य पोटभर घालते. तेव्हा आपण पाठवायचे ते पोट भरायला नव्हे, जिभेला घराची आठवण यावी म्हणून. त्यामुळे थोडेच आणि आपल्याच हातचे हवे. बाजारातली बिस्किटे त्याला कँटीनमध्ये आपल्यापेक्षा स्वस्त मिळतात.

काय टिकते ते बायांना मी काय सांगावे, पण टपालाच्या बाजूने जेवढे कळते तेवढे सांगतो. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची कोरडी चटणी उत्तम. येसर तर पाठवाच. दोन चमचे येसर गरम पाण्यात उकळले की बराकीत आपल्या लग्नातल्या पंगतीचा वास सुटतो, आणि हे सुख मराठवाड्याबाहेरच्या पोराला समजावून सांगता येत नाही, त्याला वाटीत वाढावेच लागते. शंकरपाळे तेलाच्या नव्हे, तुपाच्या मोहनाचे आणि जरा कडक तळलेले, म्हणजे चुरा होत नाही. शेव चालते. चकलीचे तुकडे होतात, चव तीच राहते. चिवड्यात ओले-सुके खोबरे घालू नका, वीस दिवसांत खवट होते. बेसनाचे लाडू एकेक कागदात गुंडाळा. करंज्या नको, फुटतात आणि सारण सगळ्या डब्यात पसरते.

आणि आपल्या तालुक्याची खरी वस्तू विसरू नका. इकडे आल्याचे पीक घेतो आपण, भाव पडला की शिव्या देतो. थंडीत चहाला सुंठ लागते. घरची वाळवलेली सुंठ कुटून पाठवा, आलेपाकाच्या वड्या पाठवा. उणे वीस-पंचवीसच्या थंडीत गळ्याला आलेपाक लागला की आपल्या मातीची आठवण काढायला त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

लोणचे पाठवू नका. माझ्या हातून गेलेले एक पार्सल मला आठवते. माऊलीने कैरीचे लोणचे काचेच्या बरणीत घालून, वर फडके बांधून, खोक्यात भुसा भरून दिले होते. मलाही नको म्हणवले नाही, तीच माझी चूक. बरणी वाटेत फुटली, तेल झिरपले, आणि शेजारच्या थैलीतली दुसऱ्यांची पत्रेसुद्धा तेलकट झाली. कुणाच्या तरी आईचे अक्षर त्या तेलात गेले. तेव्हापासून ठरवले, पातळ, तेलकट आणि काचेचे काही नाही.  लायटर, काडेपेटी, अत्तराची आणि फवाऱ्याची बाटली, पॉवर बँक हेही चालत नाही, विमानात धोका असतो.

खाण्याशिवाय पाठवायचे तर लोकरीचे पायमोजे आणि कानटोपी, ओठांना लावायचे मलम, दाढीचे सामान, एखादे मराठी पुस्तक किंवा गेल्या वर्षीचे दिवाळी अंक. अंक जुना असला तरी चालतो, तिथे महिना कुणी बघत नाही. १९६२ मध्ये चीनचे युद्ध झाले तेव्हा घरोघर बायांनी जवानांसाठी स्वेटर विणले, अंगावरचे सोने काढून दिले. आज विणायचे ज्यांच्या हाताला वळण आहे अशा आज्ज्या अजून गावात आहेत. त्यांना लोकर आणून द्या, त्या दोन आठवड्यांत एक टोपी सहज काढतील. घरात कुणी काही करू देत नाही म्हणून त्या नुसत्या बसून असतात.

वजन दोन-अडीच किलोच्या वर जाऊ देऊ नका. शेवटच्या चौकीपर्यंत ते कुणाच्या तरी पाठीवरून जाते आणि तो पाठीवाला बहुतेक वेळा त्याचाच सोबती असतो. खोके पुठ्ठ्याचे, वर प्लास्टिक, वर मांजरपाटाचे कापड शिवून. खोक्यात वरच पत्ता लिहिलेला एक कागद ठेवा, बाहेरचा पुसला तर आतला कामाला येतो.

पत्त्याबाबत मात्र हयगय नको. पार्सल परत येते ते नव्वद टक्के पत्त्यामुळेच, असा माझा अंदाज आहे. सैनिक नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, पलटण, मार्फत ५६ किंवा ९९ ए.पी.ओ., आणि खाली पिन. हे इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा, कारण दिल्लीत किंवा कोलकात्यात छाननी करणाऱ्याला आपली मोडी वळणाची मराठी लागणार नाही. आत मराठी काय वाटेल ती लिहा. पाकिटावर लेह, तवांग, पुंछ असे ठिकाणाचे नाव कधीही लिहायचे नाही, तुम्हाला माहीत असले तरी. खाजगी कुरियरला देऊ नका, ए.पी.ओ.पर्यंत कुरियर जात नाही, फक्त टपाल खाते जाते. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकले, तेव्हा पोस्टात जाऊन "रजिस्टर करा" म्हणालात तर बाबू गोंधळेल. स्पीड पोस्ट म्हणा आणि पावती जपून ठेवा. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपीतल्या पोरांचे पत्ते वेगळ्या तऱ्हेचे असतात, ते त्यांच्या घरूनच घ्या. ही पोरेही सीमेवर आणि जंगलात तशीच उभी असतात. त्यांना वगळू नका.

पिनचे निघाले म्हणून सांगतो. आपला पिन ४३१ ने सुरू होतो, फौजेचा ९ ने. देशाचे आठ विभाग जमिनीचे आणि नववा सैन्याचा, अशी ही मांडणी. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच कोकणातल्या माणसाने. टपाल खात्यातला मोठा अधिकारी, आणि संस्कृतात काव्य करणारा. त्याच वर्षी १ मार्चला सैन्याच्या टपालाचे स्वतंत्र दल उभे राहिले. त्याचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे, ब्रीदवाक्य "मेल मिलाप". मला हे दोन शब्द फार आवडतात. म्हणजे तुम्ही टाकलेले पत्र पलटणीत नेणारा जवान कामठीत शिकून गेलेला असतो, जरा विदर्भाची मराठी त्याच्या कानावर असते.

आता काय करायचे नाही ते. पैसे गोळा करायचे नाहीत. कुणी "सैनिकांच्या मदतीसाठी" म्हणून पावतीपुस्तक घेऊन दारात आला तर त्याला हाकला. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्याने ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो, त्या निधीला सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन द्यावेत. फ्लेक्स लावायचा नाही. पार्सल हातात घेऊन फोटो काढायचा नाही, खोक्यावर कुणा भाऊचे, दादाचे, साहेबाचे नाव छापायचे नाही. वर चौकीत उघडलेल्या खोक्यात आधी कुणाचा तरी हसरा चेहरा निघाला की पोरगा काय म्हणत असेल याचा विचार करा. माझ्याच्याने इथे लिहवत नाही.

मोठे काम करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या सुमेधा चिथडे यांनी आणि त्यांच्या पतीने, ते वायुसेनेतून निवृत्त झालेले, स्वतःचे दागिने विकून सुरुवात केली, लोकांकडे झोळी धरली आणि कोटीभर रुपयांचा प्राणवायू तयार करणारा संच २०१९ मध्ये सियाचीनच्या पायथ्याशी उभा केला. अनुराधा प्रभुदेसाई २००४ मध्ये लडाख बघायला गेल्या, कारगिलचे स्मारक बघून अस्वस्थ झाल्या आणि पुढे वर्षानुवर्षे लोकांना रक्षाबंधनाला जवानांच्या भेटीला नेत राहिल्या. हे सगळ्यांना जमणार नाही. आपल्याला फक्त आपल्याच गावच्या पोराला आपल्याच गावची बातमी कळवायची आहे. प्रत्येक गावाने आपापला सैनिक नावाने ओळखावा, पत्ता घरच्यांकडून घ्यावा, आणि दसऱ्याच्या आत निदान दहा पत्रे आणि एक खोके निघावे.

एक गोष्ट लिहू की नको असे चालले होते. लिहितो. २२ जून २०१७ ला आपल्या शेजारच्या सिल्लोड तालुक्यातल्या केळगावचे संदीप जाधव पुंछच्या सीमेवर वीरमरण पावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनवर मृत्यू पावला, अग्निवीर होता, कोवळे पोर. अशा वेळी गाव लोटते. माणसे झाडावर चढतात, घोषणा देतात, डोळे पुसतात, आणि ते खरेच असते, खोटे नसते. पण अशा एका गर्दीत उभा असताना माझ्या मनात एक हिशोब सुरू झाला, तो टपालवाल्याचाच होता. इथे हजारो माणसे आहेत. यातल्या किती जणांनी याला जिवंतपणी एक कार्ड टाकले असेल? मी टाकले नव्हते. माझ्या हातात कायम कार्डांचा गठ्ठा होता, तरी नाही टाकले.

मे २०२५ मध्ये सीमेवर पुन्हा तापले तेव्हा सुट्टीवर आलेली पोरे रातोरात परत बोलावली. जळगाव जिल्ह्यातला एक जवान लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, हळद उतरायच्या आत निघाल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. आपल्या बसस्टँडवरही त्या आठवड्यात काळ्या ट्रंका दिसत होत्या. लोक मोबाइलवर युद्ध बघत होते आणि ट्रंकवाला पोरगा शेजारी उभा राहून गाडीची वाट बघत होता. त्याला कुणी चहा विचारला की नाही मला माहीत नाही. आता दिवाळी येते आहे, तो अजून तिकडेच आहे.

ज्यांना लिहिता येत नाही, हात कापतो, किंवा कागद बघितला की सुचत नाही, त्यांच्यासाठी मी घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत रोज सायंकाळी पाच ते सात फुलंब्रीच्या पोस्टासमोर बसणार आहे, आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळपासून. कागद, पेन, आंतरदेशीय माझ्याकडचे. तुम्ही बोला, मी लिहितो. जसे बोलाल तसे, सुधारणार नाही. कुणाला कानात सांगायचे असेल तर कानात सांगा, एवढ्या वर्षांत माझ्या कानातले बाहेर गेलेले नाही.

येताना सैनिक नंबर मात्र आठवणीने कागदावर उतरवून आणा. तोंडपाठ आहे म्हणून येऊ नका. एक आकडा चुकला की पत्र महिनाभर फिरते.